कोकणातल्या संगीतावर विकिपीडियात लिहिताना : नव्या स्वयंसेवकांसाठी

मराठी विकिपीडियावर कोकणातल्या गाण्याबजावण्याविषयी लिहू इच्छिणाऱ्यांना एक अडचण सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी कार्यपद्धती तिच्यातूनच निघते. आपल्याकडचे संगीत कानात भरपूर आहे आणि कागदावर फार थोडे आहे. कुडाळ-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात रात्रभर दशावताराचे लोकनाट्य पाहिलेला माणूस पेटीवाल्याने कोणत्या प्रसंगाला कोणता राग धरला ते सांगेल, आणि डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, नेमाने जाणारा माणूस कोणता बुवा कोणाचा शिष्य ते तीन पिढ्या मागे जाऊन सांगेल. परंतु हे कुठे छापले आहे काय, असे विचारले की गजाल (गप्पा) तिथेच थांबते. विश्वकोशाला मात्र छापलेलेच लागते. त्यामुळे या कामातला निम्म्याहून अधिक वेळ लिहिण्यात न जाता शोधण्यात जातो, आणि शोध एकट्याच्याने होत नाही. पुस्तक एकाकडे असते, जुन्या स्मरणिका दुसऱ्याच्या माळ्यावर असतात, तालाचे ज्ञान तिसऱ्याला असते आणि शुद्धलेखन चौथ्याचे बरे असते. आमच्या सहा-सात जणांच्या गटात निवृत्त शिक्षक आहेत, पखवाज शिकणारी एक महाविद्यालयीन मुलगी आहे, बँकेतले एक गृहस्थ आहेत आणि डोंबिवलीला राहणारे, गणपतीला व शिमग्याला न चुकता गावी येणारे दोन चाकरमानी आहेत. खाली जे लिहिले आहे त्यातले बरेचसे आमच्या चुकांतून जमले आहे.

खाते, धूळपाटी आणि पहिले संपादन

खाते उघडायला दोन मिनिटे पुरतात. खात्याशिवायही संपादन करता येते. पण गटात काम करायचे तर कोणी कोणता बदल केला हे इतरांना दिसले पाहिजे, म्हणून खाते हवेच. ते एका माणसाचे असावे. भजन मंडळाच्या किंवा नाट्यमंडळाच्या नावाने खाते उघडून चौघांनी मिळून वापरणे विकिपीडियाला चालत नाही, आणि त्या नावाने त्याच मंडळावर लिहिले तर ती सरळ जाहिरात समजली जाते.

खाते उघडल्यावर तुम्हाला स्वतःची ‘धूळपाटी’ मिळते. जुन्या शाळेत अक्षरे गिरवायला धूळ पसरलेली पाटी असे, तिच्यावरून घेतलेला हा शब्द मला फार आवडतो. येथे हवे तितके गिरवावे, पुसावे. संगणकावर मराठी कळफलक बसवलेला नसला तरी विकिपीडियाची स्वतःची टंकनसोय आहे. कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबल्या की ती चालू-बंद होते. आपल्याकडे पावसात लाइट आणि रेंज एकदमच जातात, म्हणून मोठा मजकूर थेट संपादनखिडकीत लिहू नये. तो आधी फोनच्या नोंदवहीत लिहावा आणि मग चिकटवावा.

पहिले संपादन म्हणून नवा लेख लिहायला घेऊ नका. एखाद्या गायकाच्या किंवा संगीतकाराच्या तयार लेखात ‘संदर्भ हवा’ अशी खूण असलेले एक वाक्य निवडा, त्याला आधार शोधा आणि तेवढाच जोडा. जतन करण्याआधी सारांशाच्या रकान्यात आपण काय केले ते एका ओळीत लिहा. ‘सुधारणा’ एवढेच लिहिले तर कोणालाच काही कळत नाही. ‘मृत्युदिनांकाला मराठी विश्वकोशाचा संदर्भ दिला’ असे लिहिले तर पुढच्या माणसाचा अर्धा तास वाचतो.

विषय कोणता घ्यावा

नवख्या माणसाला आपल्या गावच्या बुवांवर लिहावेसे वाटते. मीही तेच केले होते. लेखात प्रेम होते, आठवणी होत्या आणि संदर्भ एकही नव्हता. काही दिवसांतच तो काढून टाकण्याची सूचना वर लागली. त्या वेळी राग आला, पण सूचना बरोबर होती. ज्या व्यक्तीविषयी तिच्याशी संबंध नसलेल्या इतरांनी पुरेसे लिहून, छापून ठेवले आहे, तिच्यावरच लेख टिकतो. याला विकिपीडियावर उल्लेखनीयता म्हणतात, आणि तिचा त्या व्यक्तीच्या गुणवत्तेशी थेट संबंध नसतो. थोर पखवाजिया कागदावर कुठेच नसेल तर त्याच्यावर लेख होत नाही, आणि यात विकिपीडियाचा दोष नसून आपण आजवर लिहून ठेवले नाही याचा आहे.

स्वतःचे गुरू, स्वतःचे मंडळ, नात्यातले कलाकार यांच्यावरचे लेख स्वतः लिहू नयेत. तुमच्याजवळची माहिती आणि कात्रणे लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे लेखाविषयी बोलण्याच्या पानावर, ठेवा, नाते उघड सांगा आणि दुसऱ्याला लिहू द्या.

सुरुवातीला ज्यांच्यावर छापील साहित्य मिळते असे विषय घ्यावेत, आणि असे विषय कोकणात आणि शेजारच्या गोव्यात थोडेथोडके नाहीत. सावंतवाडी संस्थानात जन्मलेले, ग्वाल्हेर घराण्याचे रामकृष्णबुवा वझे; त्याच मुलखातल्या सोनवड्याचे संगीतकार वसंत देसाई; मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर; केरीच्या केसरबाई केरकर; कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगावकर आणि त्याच तालुक्यातले आरती प्रभू हे कवी असले तरी भावगीतांच्या लेखांत त्यांचे नाव पदोपदी येते. लोककलांमध्ये दशावतार, नमन-खेळे, जाखडी, पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत गाऊन सांगितलेली कथा) आणि उत्तरेकडे पालघरच्या वारली पाड्यांतला तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा चित्रकथीवर वृत्तपत्रांतून लिहिले गेले; अशा वेळी आलेला मजकूर लगेच जमवून ठेवावा.

आधी संदर्भ, मग वाक्य

आमचा नियम साधा आहे. संदर्भ हातात आल्याशिवाय वाक्य लिहायचे नाही. उलट क्रमाने, म्हणजे आधी आठवणीतून लिहून मग त्याला संदर्भ शोधत बसण्याने, वाक्य एक सांगते आणि पुस्तक दुसरेच सांगते असा घोळ होतो.

पहिला आधार म्हणजे वाईहून संपादित झालेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि जो आता आंतरजालावरही वाचता येतो. त्यातली माहिती संदर्भ देऊन स्वतःच्या शब्दांत मांडावी. परिच्छेद उचलून चिकटवू नये. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरचा १८८० सालचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडी यांवर आहे. त्यात तत्कालीन समाजाचे वर्णन सापडते, पण ते सरकारी साहेबाच्या नजरेतून केलेले आहे हे लेखात जाणवू द्यावे. विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’वर पाहता येतात, आणि लोककलांच्या बाबतीत हाच सर्वांत मोठा साठा ठरतो. त्यानंतर वाचनालये. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. येथे आमच्या गटाची वाटणी कामाला येते: कोणते पान हवे ते गावाकडचा माणूस चर्चापानावर लिहितो आणि मुंबईकडचे चाकरमानी रविवारी जाऊन ते पान पाहून येतात. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठक्रमांक या पाच गोष्टी तिथल्या तिथे लिहून घ्यायला त्यांना बजावून ठेवा. पृष्ठक्रमांक राहिला म्हणून आमच्यातल्या एकाने दुसऱ्यांदा डोंबिवलीहून दादर गाठले आहे.

गावातल्या वृद्ध कलाकाराची तुम्ही घेतलेली मुलाखत हा विकिपीडियासाठी संदर्भ होत नाही, कारण ती दुसऱ्या कोणाला पडताळून पाहता येत नाही. तरीही मुलाखत घ्याच. ती एखाद्या दिवाळी अंकाच्या किंवा वृत्तपत्राच्या संपादकांना द्या. त्यांनी आपल्या कसोटीवर तपासून छापली तर पुढे दुसरा कोणी तिचा आधार घेऊ शकेल. मंडळाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेचा उपयोग सन, गाव, संस्थापकांची नावे अशा साध्या तपशिलापुरता करावा. त्याच स्मरणिकेतले ‘उभ्या महाराष्ट्रात गाजलेले’ हे विशेषण उचलू नये.

दोन संदर्भ परस्परांशी जुळत नाहीत असे हमखास होते. किशोरी आमोणकरांचे जन्मवर्ष कुठे १९३१ तर कुठे १९३२ असे छापलेले आढळते. अशा वेळी आपल्याला बरे वाटणारे एक निवडून दुसरे खोडू नये. दोन्ही वर्षे आपापल्या संदर्भांसह द्यावीत आणि चर्चापानावर तसे नोंदवावे.

गावांचे आणि जिल्ह्यांचे काय

कोकणातल्या कलाकारांच्या लेखांत सर्वाधिक चुका रागांच्या नावांत होत नाहीत, जन्मस्थळाच्या ओळीत होतात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या पुस्तकात ‘रत्नागिरी जिल्ह्यातील मालवण’ असेल तर पुस्तक चुकलेले नसते. त्याच्याही मागे गेलो तर सावंतवाडी हे संस्थान होते आणि ते स्वातंत्र्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यात आले. म्हणून १९१२ साली सोनवड्याला जन्मलेले वसंत देसाई ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यात जन्मले’ असे सरळ लिहिणे काळाला धरून नाही. ‘तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील सोनवडे (आता सिंधुदुर्ग जिल्हा)’ असे लिहावे. कुलाब्याचा रायगड १९८१ मध्ये झाला आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता, म्हणून दीनानाथ, केसरबाई आणि मोगूबाई यांचे जन्म पोर्तुगीज गोव्यातले. मोगूबाईंच्या कुर्डीचा दुवा देताना तर आणखी एक गोष्ट लक्षात येते: ते गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आहे, आणि कडक उन्हाळ्यात पाणी उतरले की त्याचे अवशेष दिसतात. संगीताच्या लेखात याचे वर्णन नको, पण गावाचा स्वतंत्र लेख असेल तर तिकडे दुवा द्यावा.

कलाकार गोव्याचा की महाराष्ट्राचा, मराठी की कोंकणी, या वादांत पहिल्या वाक्यातच हाणामारी सुरू होते. जन्म कुठे, शिक्षण कुठे, काम कुठे केले एवढे संदर्भासह लिहिले की बहुतेक वेळा वादाला जागा उरत नाही.

पहिले वाक्य

लेखाचे पहिले वाक्य नीट जमले तर बाकीचा लेख वळणावर येतो, म्हणून त्यावर आम्ही सगळे मिळून वेळ घालवतो. वझेबुवांच्या बाबतीत नवखा माणूस साधारण असे लिहितो: ‘ज्यांच्या दैवी सुरांनी रसिकांच्या हृदयावर अधिराज्य गाजवले असे गानमहर्षी कै. पं. रामकृष्णबुवा वझे यांचे नाव संगीताच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी कोरले गेले आहे.’ यात माहिती काहीच नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘रामकृष्णबुवा वझे (मृत्यू : ५ मे १९४५) हे ग्वाल्हेर घराण्याचे हिंदुस्तानी शास्त्रीय गायक आणि नाट्यपदांचे संगीतकार होते.’ मग पुढच्या वाक्यांत त्यांनी ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँ यांच्याकडे घेतलेली तालीम, ‘संगीत कलाप्रकाश’ हा ग्रंथ, आणि १९३१ सालच्या ‘संगीत संन्यस्त खड्ग’ या नाटकाला दिलेले संगीत. हे नाटक सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना लिहिले, बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले आणि दीनानाथ मंगेशकरांनी त्यातली पदे गायिली. एका नाटकात सावंतवाडी, रत्नागिरी आणि मंगेशी एकत्र आली आहेत. म्हणूनच असा एक लेख नीट केला की त्याच्या दुव्यांतून चार लेखांची कामे आपोआप पुढे येतात.

लेखाच्या नावात पंडित, उस्ताद, मास्टर, गानतपस्विनी अशा पदव्या नकोत. ‘वझेबुवा’ किंवा ‘मास्टर दीनानाथ’ असे शोधणाऱ्यांसाठी त्या नावाचे पान करून ते मूळ लेखाकडे पुनर्निर्देशित करावे. ‘कै.’ लिहू नये. मजकुरात आदरार्थी बहुवचन ठेवले तरी चालते, मात्र एका परिच्छेदात ‘ते गात’ आणि दुसऱ्यात ‘तो शिकला’ असे होऊ देऊ नये.

प्रसिद्ध गोष्टींच्या भोवती कथा वाढतात, त्या छाटाव्यात. केसरबाईंचे भैरवीतले गायन १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर पाठवलेल्या तबकडीत आहे, हे खरे आहे आणि संदर्भासह लिहिण्याजोगे आहे. ‘म्हणून त्या जगातल्या सर्वश्रेष्ठ गायिका ठरल्या’ हे पुढचे वाक्य मात्र लिहिणाऱ्याचे असते.

इंग्रजी लेखावरून भाषांतर करण्याचे एक साधन विकिपीडियात आहे आणि ते कामाचे आहे, पण यंत्राने दिलेला मसुदा तसाच जतन केला तर लेखाचे हसे होते. आमच्यातल्या एकाच्या मसुद्यात एका गायिकेने ‘१९३५ नंतर अनेक विक्रम केले’ असे आले होते. मुळात ‘रेकॉर्ड’ हा इंग्रजी शब्द होता, म्हणजे तिच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. पेटीवर ‘साथ’ करतात, पेटी ‘सोबत’ नसते. आणि सुगम संगीताला ‘हलके संगीत’ म्हटलेले कोणत्याही गायकाला रुचणार नाही. संगीताची परिभाषा मराठीत पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे, तीच वापरावी.

चर्चापानावरची वाटणी

प्रत्येक लेखामागे एक चर्चापान असते, आणि गटाचे खरे काम तिथे चालते. आम्ही सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत होतो. ते सोयीचे होते, पण सहा महिन्यांनी ‘हे वर्ष आपण कशावरून घेतले’ असे कोणी विचारले की काहीच सापडत नसे. आता ठरवण्याची प्रत्येक गोष्ट चर्चापानावर लिहितो. शेवटी चार लहरीचिन्हे (~~~~) टाकली की सही आणि वेळ आपोआप उमटते.

वाटणी करताना लेखाचे तुकडे पाडून ‘तू बालपण, मी कारकीर्द’ असे करू नका. त्याने चार आवाजांचा लेख तयार होतो. आम्ही कामाच्या प्रकाराने वाटतो. एक जण संदर्भ आणतो, एक जण मसुदा लिहितो, पखवाज शिकणारी मुलगी ताल, राग, वाद्ये यांचे शब्द तपासते आणि आमचे गुरुजी शेवटी शुद्धलेखन पाहतात. माहितीचौकट (लेखाच्या बाजूचा थोडक्यात माहितीचा तक्ता), वर्ग आणि इतर भाषांतल्या लेखांचे दुवे ही किरकोळ कामे जो मोकळा असेल तो करतो. मोठा बदल करायला बसताना लेखावर ‘काम चालू आहे’ अशी सूचना लावावी आणि उठताना काढावी. एकदा आम्ही दोघे एकाच रात्री वसंत देसाईंच्या चित्रपटांची यादी करत बसलो होतो; जतन करताना संपादनांची टक्कर झाली आणि माझा तासाभराचा तक्ता गेला.

अनोळखी सदस्याने तुमचे वाक्य काढले तर लगेच ते परत घालू नका. ‘इतिहास’ पाहा, त्याचा सारांश वाचा, चर्चापानावर विचारा. चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटवाउलटवी करणे हा इंग्रजी विकिपीडियावर नियमभंग ठरतो, आणि इतरत्रही ते गैर धरले जाते. प्रश्न सुटत नसेल तर ‘चावडी’वर मांडावा, तिथे जाणते सदस्य आणि प्रचालक (देखरेखीचे अधिकार असलेले सदस्य) लक्ष देतात. शुद्धलेखनाचे लहानसहान बदल करणारे कधीकधी माणूस नसून ‘सांगकाम्या’ असतो, म्हणजे नेमून दिलेले काम करणारी आज्ञावली; त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

गाण्याचे शब्द, छायाचित्रे, आवाज

प्रताधिकाराच्या (कॉपीराइटच्या) बाबतीत संगीताचे लेख इतर लेखांपेक्षा नाजूक असतात, कारण एका गाण्यात कवीचा, संगीतकाराचा, गायकाचा आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्याचा असे वेगवेगळे हक्क असतात. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. हिशेब बोटांवर करता येतो. आरती प्रभू १९७६ साली गेले, म्हणून त्यांच्या कविता २०३६ च्या अखेरपर्यंत बंद; पाडगावकर २०१५ साली गेले, म्हणून २०७५ पर्यंत बंद. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजी गेले, म्हणून त्यांची नाट्यपदे १ जानेवारी २०२७ रोजी मुक्त होतात. बंद असलेल्या गाण्याचे सगळे शब्द लेखात देऊ नयेत. चर्चेसाठी गरज असेल तर एखादी ओळ पुरते. मुक्त झालेल्या गाण्याचेही पूर्ण शब्द विकिपीडियावर नकोत. त्यांची जागा विकिस्रोत या मूळ साहित्य साठवणाऱ्या भावंड प्रकल्पावर आहे.

‘पारंपरिक कोळीगीत’ या शब्दांपासून विशेष सावध राहा. ‘मी डोलकर दर्याचा राजा’ हे बंदरावर इतके रुळले आहे की ते लोकगीतच वाटते. पण ते शांता शेळके यांनी लिहिले आहे आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केले आहे. शांताबाई २००२ साली गेल्या, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

छायाचित्रांचा साठा विकिमीडिया कॉमन्सवर असतो, आणि तिथे चित्र चढवताना ‘हे माझे काम आहे’ असे म्हणण्याचा अर्थ कळ मी दाबली असा होतो. मी एका स्मरणिकेतला जुना फोटो घरी स्कॅन करून स्वतःचे काम म्हणून चढवला होता; तो उडाला आणि माझ्या सदस्यपानावर ताकीद राहिली. स्कॅन करणारा छायाचित्रकार होत नाही.

ध्वनिमुद्रिकांबाबत आणखी एक अडथळा आहे. भारतात प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे झाली की ध्वनिमुद्रण मुक्त होते, म्हणून दीनानाथांच्या तबकड्या आपल्याकडे कधीच्या मुक्त आहेत. परंतु कॉमन्सला मूळ देशाबरोबर अमेरिकेतही मुक्त असावे लागते, आणि तिथल्या २०१८ च्या कायद्याप्रमाणे १९२३ ते १९४६ या काळात प्रकाशित झालेल्या मुद्रणांना १०० वर्षांचे संरक्षण आहे. १९३१ सालची तबकडी तिथे २०३२ उजाडल्यावर सुटेल. तोवर ती चढवू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी.

जत्रेतले ध्वनिमुद्रण

स्वतः केलेले ध्वनिमुद्रण ही मात्र तुम्ही देऊ शकाल अशी मोठी गोष्ट आहे, कारण दशावताराच्या लेखात दहा परिच्छेदांनी जे कळत नाही ते पेटी, मृदंग आणि झांजेच्या एका मिनिटाने कळते. परवानगी आधी घ्यावी. कलाकारांचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षे असतो, म्हणून मंडळाच्या मालकांशी नाटक उभे राहण्यापूर्वी, रंगभूषा चालू असताना बोलावे, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याचा अर्थ मराठीत समजावून सांगावा. हा अंश कोणीही, व्यापारी कामासाठीसुद्धा, नाव देऊन वापरू शकेल, हे स्पष्ट सांगून लेखी संमती घ्यावी. हे ऐकून काही जण नको म्हणतात. त्यांचे म्हणणे मानावे.

आख्यान पुराणातले असले तरी संवाद कलाकार जागच्या जागी रचतो आणि पदे कोणाची तरी लिहिलेली असू शकतात. म्हणून शब्दांचा भाग टाळून वाद्यांचा मुद्रित करणे अधिक सुरक्षित. फोन लाउडस्पीकरजवळ न धरता वादकांच्या बाजूला, चार हातांवर, कापडात गुंडाळून ठेवला तर झांजेचा आवाज फाटत नाही. आवाज थेट मोबाइलच्या नेहमीच्या स्वरूपात न चढवता ओजीजी, फ्लॅक किंवा वेव्ह स्वरूपात बदलून घ्यावा. वर्णनात गाव, तारीख, मंडळ, वाद्ये आणि कोणता भाग, हे लिहावे. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा आहे: आख्यानाआधीच्या आडदशावतारात संकासुर येतो आणि रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतही संकासुर येतो, त्यामुळे केवळ मुखवटा पाहून नवखे लेखक एका कलेचे चित्र दुसरीच्या लेखात लावतात. तसेच जाखडीचे. मुंबईत तिला बाल्या नाच म्हणतात, स्पर्धेच्या रूपात ती शक्ती-तुरा होते. नाव कशावरून पडले याच्या तीन-चार कथा तुम्हाला ऐकायला मिळतील. छापील आधार मिळाला तीच घ्यावी.

वर्षाचा क्रम आमचा असा बसला आहे. पावसाळ्यात वाचन आणि मसुदे, गणपतीत मुंबईहून आलेल्या नोंदी पानांत भरणे, कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मुद्रण, शिमग्याला पालखी आणि ढोल-ताशे. मे महिन्यात बंद घरे उघडतात, माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि त्यांत जुन्या नाटकांच्या जाहिराती, भजनाच्या वह्या, स्मरणिका निघतात. तेव्हा घरमालकाच्या परवानगीने पानापानाचे फोटो काढून कोणत्या घरात काय आहे याची यादी करावी, आणि हे काम मृगाचा पाऊस पडण्याआधी आटोपावे, कारण एकदा ओल धरली की पाने एकमेकांना चिकटतात.